घडावरचा नकाशा

बारावीला मी लातूरला क्लास करत होते. गुणसूत्रांची जोडी आपसात तुकडे बदलते, त्यावरून जनुकांमधलं अंतर काढून त्यांचा नकाशा करतात, हे मला काडीचं कळेना. सुट्टीत अर्धापूरला घरी आले तेव्हा मी मळ्यातच वही आपटली.

वडील केळी उतरवत होते. म्हणाले, "मला शिकव, म्हंजे तुलाच कळंल."

मी चिडतच सांगितलं. "ही तुझी जनुकं," म्हणत त्यांनी प्रत्येक घडाच्या तीन फण्यांवर चुन्याचं बोट ओढलं: दोन शेजारच्या, एक पार खालची. मी डोळे मिटून दांड्यावर कुठंही खूण करायची, तिथं ते कोयता मारायचे. शेजारच्या फण्या बहुतेक वेळा एकाच तुकड्यात राहिल्या. खालची मात्र सारखी सुटायची.

"जितकं अंतर जास्त, तितक्या जास्त वेळा सुटतात!" मी ओरडलेच. "म्हणजे सुटलेल्या मोजल्या की अंतर कळतं!"

तोवर बारा घडांचे तुकडे झाले होते. तेवढ्यात केळीचा व्यापारी आला आणि बघतच राहिला. "हे काय मालक?"

वडील ऐटीत म्हणाले, "नकाशा काढून राहिलो."

आठवडाभर घरात कच्च्या केळाचीच भाजी होती. मला ती अजिबात आवडत नाही. मिटक्या मारत खाल्ली.