जीनबाईंचं शून्य

“तिची फळी, पट्टी, सगळं उचलून आण. आणि जरा गोड बोल तिच्याशी,” माझा साहेब ब्रेंट फोनवर म्हणाला. “ब्याऐंशी वर्षांची आहे बिचारी.”

मी तेव्हा यूटमध्ये होते. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, इथले शेतकरी आणि आमच्यासारखी फील्डवर फिरणारी माणसं वापरतात ती. जुलै महिना. न्यूझीलंडमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि मी क्राइस्टचर्चहून मॅकेंझी भागातल्या एका खेड्याकडे निघाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता. मी म्हटलं, “ब्रेंट, मी आधी बघते, मग उचलते.”

“बघण्यासारखं काही नाही, सुज. सिस्टिमने संशयास्पद म्हणून फ्लॅग केलंय.”

माझं नाव सुजाता. ते तीन अक्षरी नाव त्याला नऊ वर्षांत पेललेलं नाही. ‘सुज’ ऐकलं की मला कुठेतरी मुका मार लागल्यासारखं वाटतं, पण आता सवय झाली.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. हवामान मोजणारी यंत्रं बसवायची, तपासायची, बिघडली तर दुरुस्त करायची. त्याआधी बारा वर्षं चिंचवडला एका कारखान्यात प्रेशर गेज तपासत होते. आयुष्यातला पहिला बर्फ मी अडतिसाव्या वर्षी पाहिला, तोही साहेबांनी मोजायला सांगितला म्हणून.

आमची कंपनी खासगी आहे. यंत्रांबरोबरच आम्ही हौशी लोकांचं एक नेटवर्क चालवतो. हवामानाचं वेड असलेली ही मंडळी रोज सकाळी आपापल्या अंगणात पाऊस, थंडी, बर्फ मोजतात आणि आमच्या अ‍ॅपवर भरतात. हिवाळ्यात कोणाकडे जास्त बर्फ झाला यावरून वेबसाइटवर त्यांची अशी जुंपते की विचारू नका. एका सेंटिमीटरसाठी दोन निवृत्त मुख्याध्यापक तीन आठवडे एकमेकांशी अबोला धरून होते. मला ही माणसं आवडतात. पगार नाही, रजा नाही, आणि तरी सकाळी नऊला अंगणात हजर.

जीनबाई त्यांतल्या सगळ्यात जुन्या. चौतीस हिवाळे त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती. आणि त्यांनाच आमच्या ऑफिसने ईमेल पाठवली होती, की तुमच्या नोंदी यंत्राशी जुळत नाहीत, तुम्ही प्रत्यक्ष बाहेर जाऊन मोजत नसण्याची शक्यता आहे, म्हणून तुमचं सगळं रेकॉर्ड काढून टाकत आहोत. दोन हिवाळ्यांच्या नोंदी चुकीच्या वाटल्या म्हणून चौतीसच्या चौतीस बाद. फळी आमच्या मालकीची, ती परत आणायला मी.

वाटेत कॉफीला थांबले तेव्हा केतकीला फोन लावला. केतकी आमच्या ऑकलंड ऑफिसात डेटा बघते. पुण्याची पोरगी, कामाला चोख.

“केतकी, या बाईंचं नक्की काय चुकलंय?”

“ताई, बाईंच्या गावाजवळ आपला सेन्सर आहे ना, हायवेवर? तो म्हणतो बावीस सेंटिमीटर बर्फ. त्याच दिवशी बाईंनी टाकलंय शून्य. दुसऱ्या दिवशी सेन्सर वीस, बाई परत शून्य. असं कितीतरी वेळा, हीप्स ऑफ टाइम्स झालंय. एवढा बर्फ असताना शून्य कसं असेल? म्हणून सिस्टिम म्हणते की घरात बसून भरतायत.”

“सिस्टिम म्हणते. तू काय म्हणतेस?”

“मी फॉरवर्ड केलं ताई. ब्रेंट म्हणाला वय झालंय त्यांचं, थंडीत कुठे बाहेर पडणार.”

मला तिथेच राग आला. ब्रेंट एकावन्न वर्षांचा आहे आणि पार्किंगपासून ऑफिसपर्यंत चालताना धापा टाकतो. पण वय म्हणे बाईंचं झालंय.

जीनबाईंच्या दारात मी पोचले तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. बाई गमबूट घालून तयार होत्या. हातात वही, खिशात पेन्सिल. मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “फळी न्यायला आली असशील. नऊ वाजता मोजून होऊ दे, मग ने.”

स्वर सरळ होता. मला मात्र मान वर करवेना.

मागच्या आवारात दोन गोष्टी होत्या. एक पांढरी रंगवलेली लाकडी फळी, आपल्या पाटाएवढी. आणि तिच्यापासून चार पावलांवर जमिनीत रोवलेला, सेंटिमीटरच्या खुणा असलेला एक खांब. बाईंनी आधी फळी बघितली. परवापासून नवीन बर्फ पडला नव्हता, फळी कोरडी होती. तरी त्यांनी गुडघ्यावर बसून हाताने चाचपली, आणि वहीत लिहिलं: शून्य. मग खांबापाशी गेल्या, वाकून खूण वाचली, आणि त्याच ओळीत शेजारी लिहिलं: बावीस.

मी ती वही मागितली. थंडीने बोटं बधिर झाली होती, पण पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर दोन रकाने. चौतीस वर्षं दोन रकाने.

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण एवढ्यावरच आहे. बर्फ दोन तऱ्हांनी मोजतात. एक, कालपासून आजपर्यंत नवा किती पडला. त्यासाठी फळी. रोज नऊ वाजता मोजायचं, फळी पुसायची, पुन्हा बर्फावर ठेवायची. दुसरं, जमिनीवर एकूण किती साचलाय. त्यासाठी खांब, त्याला हात लावायचा नाही. या दोन आकड्यांचा मेळ सहसा बसत नाही, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. मेथीची भाजी करताना आपण जुडी कढईत टाकतो, ती बसते, मग दुसरी टाकतो, तीही बसते. किती जुड्या टाकल्या आणि कढईत किती भाजी उरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तिसरी जुडी टाकली नाही म्हणून कढई रिकामी होत नाही.

आमचा हायवेवरचा सेन्सर वरून आवाज सोडतो, तो बर्फावर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून उंची काढतो. म्हणजे तो साचलेला बर्फ मोजतो. खांबाचं काम. बाईंनी अ‍ॅपवर भरलं होतं ते फळीचं.

“तुम्ही अ‍ॅपवर दोन्ही आकडे का नाही भरलेत?” मी विचारलं.

“दोन्ही कुठे भरणार?” बाई म्हणाल्या. “पूर्वी कार्डावर दोन चौकोन होते. अ‍ॅपवर एकच आहे. नुसतं लिहिलंय, बर्फ, सेंटिमीटर. मी तुमच्या ऑफिसला फोन केला होता. एक मुलगा म्हणाला, नेहमी जे लिहिता तेच लिहा. मी नेहमी पहिल्या चौकोनात पडलेला लिहीत असे. तोच लिहिला.”

मी वही मिटली. तो एक चौकोन मला माहीत होता.

दोन वर्षांपूर्वी अ‍ॅपची मीटिंग झाली होती. डिझाइन करणाऱ्या मुलाने स्क्रीनवर नवा फॉर्म दाखवला, स्वच्छ, सुटसुटीत. दोन चौकोनांचा एक झाला होता. मला दिसलं. माझ्या मनात स्पष्ट आलं, पडलेला की साचलेला? ब्रेंटने विचारलं, “ऑल गुड, टीम?” सगळ्यांनी अंगठे वर केले. मीही केला. चिंचवडला मीच गेजच्या अर्ध्या खुणेवरून सुपरवायझरशी तासभर वाद घातला होता. इथे येऊन मी एवढंच शिकले होते, की मीटिंगच्या शेवटी प्रश्न विचारणारी बाई सगळ्यांना डोईजड होते. म्हटलं, बोलेल कोणीतरी.

मी ते जीनबाईंना जसंच्या तसं सांगितलं. स्वयंपाकघरात बसलो होतो. फ्रिजच्या दारावर आमची ईमेल छापून चुंबकाने लावलेली होती. ‘प्रत्यक्ष बाहेर जाऊन मोजत नसण्याची शक्यता’ या ओळीखाली पेन्सिलची रेघ.

बाईंनी ऐकून घेतलं. “मलाही दोन वर्षं वाटत होतं,” त्या म्हणाल्या, “की बोलेल कोणीतरी.”

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. नवरा गेला त्या दिवशीही सकाळी नऊला मी फळी पाहिली होती, असं त्या सहज म्हणाल्या, आणि उठून सिंकमध्ये कप विसळायला लागल्या.

मी तिथूनच केतकीला फोन केला. वहीतले खांबाचे आकडे वाचत गेले, ती सेन्सरचे आकडे सांगत गेली. सोळा, सोळा. पंचवीस, पंचवीस. बावीस, बावीस. एका ठिकाणी अठराला एकोणीस निघाले.

“ताई, मी एकदा फोन करून विचारायला हवं होतं ना त्यांना.”

“हो. मीही दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. आता मला एक सांग, यंदाच्या सगळ्यात जास्त बर्फाच्या यादीत पहिला नंबर कोणाचा?”

तिने शोधलं. पलीकडच्या खोऱ्यातले एक गृहस्थ. त्यांच्याकडे मोठा बर्फ एकदाच पडला होता. तो अकरा दिवस सावलीत तसाच राहिला. त्यांनी रोज साचलेला आकडा भरला आणि आमच्या सिस्टिमने अकराही आकड्यांची बेरीज केली. तोच बर्फ अकरा वेळा. गृहस्थ बिचारे प्रामाणिक, त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ‘स्नो चॅम्पियन’चा बॅज मिळाला. आणि जिने बरोबर मोजलं ती खोटी ठरली.

मग ब्रेंट.

“फळी मी आणत नाहीये,” मी म्हटलं. “त्यांनी शून्य लिहिलं तेव्हा शून्यच होतं. मी आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“पण सेन्सर बावीस म्हणतो, सुज.”

“सुजाता. सेन्सर साचलेला मोजतो. त्यांनी पडलेला भरला. आपण दोन चौकोनांचा एक केला आणि कुठला भरायचा ते लिहिलं नाही. साचलेल्याचे आकडे त्यांच्या वहीत आहेत, सेन्सरशी जुळतात. केतकीला विचार.”

“ओके. फ्लॅग काढून टाकतो. स्वीट अ‍ॅज.” इथल्या बोलीत म्हणजे, झालं, सगळं छान.

“स्वीट अ‍ॅज नाही. त्या ईमेलचं काय?”

“कुठली ईमेल?”

“ज्यात लिहिलंय की त्या घराबाहेर पडत नाहीत.”

“तसं नाही लिहिलं. शक्यता म्हटलंय.”

जीनबाई समोर बसल्या होत्या. फोन स्पीकरवर नव्हता, पण ब्रेंटचा आवाज मोठा आहे. मला इतकी लाज वाटली की मी पाठ फिरवली.

“ती शक्यता चौतीस वर्षं रोज खोटी ठरली आहे,” मी म्हटलं. “तू सगळ्या हौशी लोकांना ईमेल पाठव. लिही की चूक आपली होती. हवं तर माझं नाव घाल. फॉर्मच्या मीटिंगमध्ये मला दिसलं होतं आणि मी गप्प बसले.”

“नावं घालायची गरज नाही, सुजाता. बघतो.”

पुढच्या आठवड्यात अ‍ॅपवर दोन चौकोन आले. जीनबाईंचे चौतीस हिवाळे जिथल्या तिथे परत गेले. चॅम्पियनची यादी मागे घेतली. सगळ्यांना ईमेलही गेली, ‘टेक्निकल इश्यूमुळे काही नोंदींबाबत गैरसमज झाला’. ते वाचून माझं डोकं पुन्हा फिरलं. टेक्निकल इश्यू कोणाचा? सेन्सर बरोबर होता, फळी बरोबर होती, खांब बरोबर होता. त्या साखळीत नादुरुस्त होती ती माणसं, आणि त्यातली एक मी. जीनबाईंची माफी मागणारं वाक्य त्या ईमेलमध्ये नव्हतं. ते मी हाताने कागदावर लिहून पोस्टाने पाठवलं. केतकीने आपणहून त्यांना फोन केला.

मीटिंगमध्ये आता ‘ऑल गुड?’ विचारलं की मी अंगठा खिशात ठेवते आणि तोंड उघडते. मीटिंग वीस मिनिटं लांबते. लोक घड्याळ बघतात. बघू देत.

जीनबाईंनी अ‍ॅप मात्र सोडलं ते सोडलंच. जुन्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांच्या कपाटात शिल्लक होता. त्यावर त्या लिहितात आणि दर आठवड्याला क्राइस्टचर्चमधल्या रिकार्टनला माझ्या घरी पाठवतात. मी ते आकडे अ‍ॅपवर भरते. तांत्रिकदृष्ट्या हे माझं काम नाही.

परवा कार्ड आलं. सात ओळी, दोन रकाने. पाच दिवस नवा बर्फ नव्हता. पहिल्या रकान्यात पाच वेळा शून्य, आणि त्या प्रत्येक शून्यापुढे पेन्सिलीने, बारीक, ताठ अक्षरात तेच तीन शब्द: बाहेर जाऊन पाहिलं.