साळुंक्यांचं जेवण

उन्हाळ्यात आमच्या वरठीच्या घराच्या स्लॅबवर बायको लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळत घालते. यंदा त्या मुलीसाठी होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच ती जावयाला घेऊन राहायला येणार होती आणि जाताना डबाभर वड्या पुण्याला नेणार होती. राखण माझ्याकडे होती.

पहिल्या खेपेच्या वाळलेल्या वड्या मी काट्यावर तोलल्या. वाळताना पाणी उडतं, ते मी हिशेबात धरलं होतं. तरी घट जास्त निघाली. ती एका खारीच्या आणि दोन साळुंक्यांच्या नावावर टाकली.

उपाय सरळ होता. जे तिखट माणसाला रडवतं, ते शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पाखराला पळवणारच. पुढच्या पिठात किलोभर डाळीला दोन चमचे तिखट जास्त घातलं. खारीने एक तुकडा उचलला, पुढच्या पायांनी तोंड चोळलं आणि जी पळाली ती परत आली नाही. मी खाली जाऊन बायकोला सांगितलं, काम झालं. वर आलो तर साळुंक्या जेवत होत्या. खारीची वाटणीही आता त्यांचीच होती.

मात्रा कमी पडली असावी म्हणून चार चमचे केले. साळुंक्या आणखी दोघींना घेऊन आल्या. शेवटच्या पिठात मी मूठच घातली.

"पाहा जी, जावई पुण्याचे हायेत," बायको म्हणाली. "त्याईच्या घरी आमटीत गूळ टाकतेत."

"वाळल्यावर तिखटपणा उतरतो," मी म्हणालो. हे मला कुणी सांगितलं होतं, ते आजही आठवत नाही.

पहिल्याच जेवणात वांगं-वडीची भाजी होती. पहिल्या घासाला जावई हसले. दुसऱ्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्याला "छान झालीय" म्हणाले, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो रिकामा केला आणि बोलणंच बंद झालं.

"बाबा, पाणी देऊ नका! तिखट पाण्यात विरघळत नाही," मुलगी ओरडली. ती शाळेत विज्ञान शिकवते. "आई, दही आन लवकर!"

दह्यावर जावयांचा आवाज परत आला.

"साळुंक्या तर रोज खातात," मी म्हणालो. "त्यांना काही होत नाही."

मुलीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "पाखरांना ते झोंबतच नाही, बाबा. मिरची आपल्या जिभेवरच्या, चटका ओळखणाऱ्या नसांना फसवते. भाजत काहीच नाही, पण मेंदूला वाटतं भाजलं. पाखरांच्या नसा तिला फसत नाहीत. प्राणी मिरचीचं बी चावून टाकतात, मग ते रुजत नाही; पाखरं अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात. म्हणून मिरचीला पाखरं हवीत, आपण नको."

"मंजे मिरचीले बी समजते, कोणाले बलवाचं अन् कोणाले हाकलाचं," बायको म्हणाली. "तुमाले नाई समजलं. साळुंक्याईले पंगतीले बसवलं अन् जावयाले हाकलून राहिले."

आता सवाल डब्याचा होता. लाल वड्या न्यायच्या कशा?

दुसऱ्या दिवशी बायकोने त्या ताकाच्या कढीत सोडल्या. जावयांनी बसण्याआधी दह्याची वाटी जवळ ओढून घेतली. दोन घासांनंतर ती बाजूला सारली आणि कढी दोनदा मागितली. मुलीने उरलेल्या सगळ्या वड्या डब्यात भरल्या. मी झाकणावर कागद चिकटवला: फक्त कढीत.

आठवड्याने जावयांचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"बाबा, वड्या जरा सादळल्या होत्या, म्हणून गॅलरीत उन्हाला ठेवल्या."

"मग?"

"कबुतरं."

"किती उरल्या जी?" बायकोने विचारलं.

"एका कढीपुरत्या, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उठून लाखोळीची डाळ भिजत घातली, तिखटाची बरणी कपाटात ठेवली आणि किल्ली पदराला बांधली.