मामींच्या दारावरचा कापूर

आता तुम्ही हसणारच, पण निदान चहा तरी खाली ठेवा. ठसका लागला तर पुन्हा मलाच बोल लावाल!

लस नुकतीच निघाली होती, तेव्हाची गोष्ट. मी मूळचा कराडचा. चेन्नईत तिरुवल्लिकेणीला एका जुन्या घराच्या माडीवर भाड्यानं राहायचो. ऑफिस शोळिंगनल्लूरला, पण काम घरातूनच. खाली घरमालकीण मामी. तंजावरकडच्या मराठी, वय चौऱ्याहत्तर, छातीत दमा. डॉक्टरनं बजावलेलं, "कोरोना झाला तर या फुफ्फुसांना झेपायचा नाही. लस घ्याच."

पण मामी ऐकतील तर शपथ! "सुईनें ताप येतो रे. मज नको." महिनाभर डोकं खाल्लं मी त्यांचं, तेव्हा कुठं कबूल झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा स्लॉट. माझी कॉलर ताठ!

मामींच्या दारावर काळ्या दोऱ्यात एक पांढरा खडा टांगलेला असायचा. मी मनाशी म्हणायचो, वा, कापूर! कापरानं विषाणू मरतो, असा व्हिडिओ आमच्या काकांनी ग्रुपवर टाकला होताच की. येता-जाता मी त्याच्याजवळ जाऊन दीर्घ श्वास घ्यायचो. अर्थात मास्क लावून.

स्लॉटच्या आदल्या संध्याकाळी मास्क खाली केला आणि खडा हुंगला. वास नाही! पुन्हा हुंगला. नाक टेकवून हुंगला. काही म्हणजे काही नाही!

वास गेला म्हणजे कोरोना! आणि रोज सकाळी मी मामींसमोर बसून कॉफी पितोय! मी काय केलं हे, कुणाच्या जिवाशी खेळलो?

धावत माडीवर गेलो आणि कॉफीचा डबा उघडला. घमघमाट आला. म्हटलं, हा भास, मेंदूला जुनी आठवण आहे! साबण हुंगला, तोही आला. म्हटलं, आजार फसवा आहे! माणसानं एकदा घाबरायचं ठरवलं की तो काय थांबतो होय?

खिडकीतून ओरडलो, "मामी, दार लावून घ्या! उद्याची लस रद्द! मला कोरोना झालाय!"

"ऐय्यो! ताप आहे काय रे?"

"नाही! पण वास गेला!"

सकाळी तपासणीवाला येऊन नाकात काडी घालून गेला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तोवर मी मामींना सोडतोय होय? दर तासाला फोन.

"मामी, बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावा. किती आलं?"

"सत्त्याण्णव."

"पुन्हा लावा!"

"रे, आतांच लावलें ना!"

"खोकून दाखवा बघू. खोल श्वास घ्या. मोठ्यानं शंभरपर्यंत मोजा!"

बिचाऱ्या मोजायच्या. दुपारी जरा डोळा लागला, तर मी वरून काठीनं जमीन ठोकली. म्हटलं, झोप आहे की बेशुद्धी, खात्री करावी! काढ्याची पूड टोपलीत घालून दोरीनं खाली सोडली. चार वेळा काढा प्यायला लावला. माझं स्वतःचं तर जेवण नाही, झोप नाही, माडीवर नुसत्या येरझाऱ्या. मामींना काही झालं तर तोंड कुणाला दाखवू?

रिपोर्ट आला. निगेटिव्ह!

उड्या मारत खाली गेलो. मामी दाराआडून म्हणाल्या, "मग वास कशाचा गेला होता रे?"

"या कापराचा!" मी खड्याकडे बोट दाखवलं.

मामी खड्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात.

"कसला कापूर? तुरटी रे ती! दृष्ट लागूं नये म्हणून टांगलीय. कापूर इतके दिवस दाराशीं राहील काय? उडून जायचा! इंजिनीयर ना रे तूं?"

धरणी दुभंगली असती तर उडीच घेतली असती! पण खरी धास्ती वेगळीच. लस हातची घालवली होती मी. आता या बाई पुन्हा कशाला तयार होतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मामी नऊवारी नेसून, मास्क लावून अंगणात उभ्या. शेजारणीला सांगून नवा स्लॉटही घेतलेला!

"मामी, सुईची भीती गेली?"

"भीती आहे की. पण दोन दिवस तुझी काळजी सोसली रे मी. सुई ती केवढीशी!"

केंद्रावर नर्सनं कागद भरायला घेतला. नाव विचारलं, वय विचारलं, दम्याचं लिहून घेतलं. मग तिकडं आजीला म्हणतात तसं "पाटी" म्हणत तिनं विचारलं, "कशाची ॲलर्जी आहे का?"

मामी शांतपणे मागं वळल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं.