चोपड्याच्या पुढे थांबलेला शनिवार

शुक्रवारी दुपारी चोपड्याहून शिरपूरची बस सुटली तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शिरपुरात माझ्या मैत्रिणीच्या, शैलाच्या मुलीचं लग्न होतं आणि सूर्य बुडायच्या आत मी तिच्या दारात असणार होते. मी पेणची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस). त्या वेळात प्रवास नाही, चूल नाही, फोन नाही. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी तो सवडीने पाळला. यंदा मात्र देवाकडे सवलत मागायची नाही असं ठरवलं होतं.

उजवीकडे सातपुडा, कडेने केळीच्या बागा, आणि मध्येच बसने मान टाकली. दुसरी गाडी तासाभराने येईल, असं कंडक्टर म्हणाला. थंडीतला सूर्य तेवढा थांबणार नव्हता.

शेजारच्या सीटवरचे आबा जवळच मळ्यात राहत. अडचण ऐकून त्यांनी सरळ माझी पिशवीच उचलली. मी शैलाला फोन केला. "माझ्या मुलीच्या लग्नालाही नाही?" एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मला रडू आलं. तसंच अक्कांच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, स्वयंपाकघरात सूर्य बुडायच्या आत शब्बाथचे दिवे लावले.

भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाताना आबांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"सोमवारले आम्ही बैल जुपतस नही," ते म्हणाले.

"काम अडत नाही?"

"अडस ना. पन त्या दिन बैल आमना नहीत, महादेवना शेतस. तुम्ही बी आज देवनाच. बसा निवांत."

सकाळी आबांनी जू उचलून धरलं आणि बैलांनी आपणहून त्याखाली मान घातली. देवाची सत्ता मानणं म्हणजे स्वर्गाच्या राज्याचं जू खांद्यावर घेणं, असं आमचे जुनेजाणते म्हणत. जुवाचं कसलं कौतुक, असं मला वाटायचं. पण त्या दिवशी अंगणात बसून मी काहीही ठरवत नव्हते, आणि इतकी भरून पावलेली मी कधीच नव्हते.

रविवारी सकाळी शिरपूरला पोचले. नवरी सासरी गेली होती. शैलाने चहा पुढे केला आणि म्हणाली, "तुझ्या देवाचं बरं आहे. त्याच्याकडे तू वेळेवर पोचतेस."

टोमणा वर्मी लागला. परतीच्या गाडीत पेणपर्यंत मला त्याचं वाईट वाटत राहिलं. पण थांबल्याचं वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं मी शैलाकडे धावत जायचे आणि देवाकडे उरलेल्या वेळात.