बारा नंबरची चावी

आम्रपालीनं मला पहिल्याच फोनवर पकडलं.

"ताराआजी, लग्नाच्या पाहुण्यांत तुमच्या नावापुढं खालच्या मजल्याची खोली पाहिजे असं लिहून आहे. कावून पाहिजे?"

मी झाडीपट्टीच्या नाटकांत उमर घालवलेली बाई. आवाजात लगेच कळ आणली. "गुडघे गं, बाई."

"पण स्मृती नगरात तर तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता न? देवरावकाका सांगत होते, आजी रोज जिना चढते म्हणून."

नाटकात असा प्रसंग आला की पडदा पाडता येतो. फोनवर ती सोय नाही. मी कबूल केलं, की खालच्या खोल्या जेवणघराजवळ आहेत असं कानावर आलं होतं.

ती खळखळून हसली. "मग चहा मी वर पाठवते, आजी. खालची खोली मले ठेवू द्या."

रसमडा गावाच्या पुढं, शिवनाथ नदीच्या काठावर एक रिसॉर्ट आहे. बत्तीस खोल्या, एक हिरवळ, एक मोठा हॉल. आम्रपाली तिथं खोल्या लावते. वय एकतीस, केस घट्ट बांधलेले, कानामागं पेन्सिल. लोकांना वाटतं, आपण फोनवर मागितली ती खोली त्याच क्षणी आपल्या नावावर झाली. तसं नसतं. मागणी नुसती नावापुढं लिहून ठेवतात. नंबर पडतो तो येण्याच्या दिवशी सकाळी, कोण गेलं, कोण राहिलं, कुठली खोली झाडून तयार झाली हे पाहून. आणि तोही पेन्सिलनं, कारण दुपारपर्यंत चार वेळा खोडावा लागतो.

"आधी त्याले लावायचं, ज्याचं काम एकाच खोलीत भागते," ती मला म्हणाली होती. "ज्याचं कुठंही भागते तो शेवटी. पण हे कळायले कावून पाहिजे ते विचारावं लागते. लोक पाहिजे ते सांगतात, कावून ते सांगत नाहीत."

मला आमचे मंडळीचे मॅनेजर आठवले. तेही आधी ती भूमिका भरायचे जी एकालाच जमेल. भालदार-चोपदार काय, वेळेवर कोणीही उभा राहतो.

ही विचारायची सवय तिला घरून लागली. तिचे वडील टिकाराम स्टील प्लँटमध्ये होते, सेक्टर सहामध्ये वरच्या मजल्याचं क्वार्टर. आजी तुळसाबाईचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती पुन्हा खाली उतरलीच नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक तिनं चार वर्षं खिडकीतून पाहिली. खालचं क्वार्टर बदलून घ्यावं हे घरात कोणाला सुचलं नाही, कारण आजीनं कधी मागितलं नाही.

आता देवराव. माझे शेजारी, माणूस सोन्यासारखा. रसमड्याच्या एका खाजगी कारखान्यात बत्तीस वर्षं कॉलनीच्या क्वार्टर वाटपाचं काम केलं. ग्रेड पाहायची, नोकरीला लागल्याची तारीख पाहायची, लिस्ट काढायची. धाकट्या मुलीचं, अनुजाचं लग्न या रिसॉर्टमध्ये ठरलं, तेव्हा त्यांनी पाहुण्यांचीही तशीच लिस्ट काढली. सगळ्यांत वर नवरदेवाचे मामा राजकुमारसाहेब, चीफ इंजिनिअर, खोली बारा. खाली उतरत उतरत सगळ्यांत शेवटी त्यांची स्वतःची मोठी बहीण गिरजाबाई, गोंदियाची. वरचा मजला, खोली एकतीस. शेवटी कशी? तर घरची म्हणून.

गिरजाबाई चाकाच्या खुर्चीत बसतात. दोन वर्षं झाली.

आम्रपालीनं त्यांनाही फोन केला होता. ते बोलणं तिनं मला जसंच्या तसं ऐकवलं.

"आत्याबाई, तुमची खुर्ची किती रुंद आहे?"

"थांब, मोजते. तीन विती भरते वं."

"अन् खोली कशी पाहिजे?"

"मले काई मागायचं नाई, पोरी. आमच्या देवरावाच्या घरचं कार्य आहे, कुठंबी टाका. मी आदल्या दिवसापासून पाणी कमी करते. दोन दिवस निघून जातात. आदत आहे मले. अन् हे देवाले सांगू नको, त्याले उगाच घोर."

त्या दिवशी आम्रपालीनं टेप घेऊन बत्तीसही खोल्यांच्या बाथरूमची दारं मोजली. एकतीस दारं अडीच वितीची. बारा नंबरचं तेवढं रुंद, उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांडी. मालकाची म्हातारी आई तिथं राहायची, तिच्यासाठी करून घेतलं होतं. आम्रपालीनं तक्त्यावर गिरजाबाईचं नाव बारासमोर लिहिलं. पेनानं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी देवरावांबरोबरच पोचले. ते सरळ काउंटरवर गेले.

"पोरी, लिस्ट लागली न?"

"लागली, काका. एक बदल आहे."

"लिस्टमध्ये बदल नसते. बत्तीस वर्षांत एक खाडाखोड दाखव माझी." त्यांनी तक्ता वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला. "गिरजाबाईले बारा? अन् मामासाहेबाले सत्तावीस? वर? अवो, नवरदेवाच्या मामाले जिना चढवू मी? अख्ख्या ग्रुपवर लिस्ट गेली आहे! नाक कापतील माझं!"

"वरून नदी दिसते, काका. अन् दुसऱ्या खोल्यांत आत्याबाईची खुर्ची बाथरूमात जात नाही."

"घरात एवढ्या बाया आहेत. उचलून नेतील."

"दोन दिवसांत किती वेळा, काका?"

देवरावांनी चष्मा परत चढवला. मग पुन्हा लिस्टवर आले. "बाई घरची आहे. ती मनावर घेत नाही."

"म्हणून तर मले घ्यावं लागून राहिलं."

मॅनेजर धनंजय आतून आला. पाहुण्यांसमोर तो नेहमी हिंदीत बोलतो. "आम्रपाली, गेस्ट नाराज हुआ तो जवाब तू देगी।"

"दूँगी, सर।" आणि तिनं बारा नंबरची चावी खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात टाकली.

खरा अंक सव्वाबाराला सुरू झाला. मामासाहेब वेळेच्या आधी आले. सत्तावीसमधली आधीची मंडळी खोली उशिरा सोडून गेलेली, गाद्या उघड्या पडलेल्या. बारा नंबर मात्र झाडून-पुसून तयार, काउंटरसमोरच. आणि गिरजाबाईची गाडी तासभर लेट.

"बारा माझीच न?" मामासाहेबांनी बॅग खाली ठेवली. "ग्रुपवर पाहिली मी."

"ग्रुपवर होती, सर. आता दुसऱ्यांची आहे. तुमची वरची खोली अर्ध्या तासात देते."

"ही तर रिकामी दिसते."

"आहे, सर."

"मग?"

"जिची आहे ती गाडीत आहे."

देवरावांच्या कपाळावर घाम. "पोरी, दे न आता! बाई येईपर्यंत तरी बसू दे त्याईले!"

"एकदा सामान लागलं की मग कोणाले उठवू, काका? उठवायची वेळ आली तर तुम्ही आत्याबाईलेच वर पाठवाल."

खरंच होतं ते. 

मामासाहेब सोफ्यावर बसले. "देवराव, माणूस लिस्टमध्ये पहिला असूनही वेटिंगला बसते, हे आज पाहिलं." वऱ्हाडातले दोघे-चौघे हसले. देवरावांना ते हसणं फार लागलं. धनंजयनं घड्याळाकडं पाहिलं, मग आम्रपालीकडं. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. तिनं कपाटातून धुतलेल्या चादरी काढल्या आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग गेले. गुडघे चांगले होते, आता लपवण्यात अर्थ नव्हता.

चादरीची दोन टोकं तिनं धरली, दोन मी.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटून राहिली न, आजी. ते टोक ओढा."  चादर मात्र तिनं सुरकुती न ठेवता ताणली.

मी तिला सांगितलं, की दौऱ्यावर आम्ही नाटकवाल्या बायाही पाणी पीत नसू. गावोगाव शेतात मंडप, सोय कुठली? प्रयोगभर राणी होऊन मिरवायचं आणि घसा कोरडा ठेवायचा. तो घोगरा आवाज लोकांना आवडायचा, टाळ्या पडायच्या. कोणी कधी विचारलं नाही. आम्हीही कधी सांगितलं नाही.

आम्रपाली उशीला खोळ चढवता चढवता थांबली.  मग दोन्ही उशा सारख्या ठेवल्या आणि खाली जाऊन मामासाहेबांच्या हातात सत्तावीसची चावी दिली. पंचवीस मिनिटं झाली होती. ते नाराजच वर गेले. तसं सांगायला हवं.

दीड वाजता गाडी आली. गिरजाबाईला खुर्चीत बसवलं. चेहरा उन्हात वाळलेल्या पानासारखा, ओठांना भेगा. आम्रपालीनं खिशातून चावी काढली, दार उघडलं आणि बाजूला झाली. कोणी उचललं नाही, कोणी ढकललं नाही. गिरजाबाईनं स्वतःच्या हातानं चाकं फिरवली आणि आत गेल्या. आतून दुसरं दार उघडल्याचा आवाज आला. मग नळाचा. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. देवराव सगळ्यांत पुढं.

थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. हात ओले, पदरानं पुसत होत्या.

"देवा."

"काय, बाई?"

"पाणी आण. पेला नको, तांब्या आण."

देवराव स्वतः धावले. गिरजाबाईनं तांब्या वर धरला आणि घटाघटा रिकामा केला. मान खाली आली तेव्हा साडी गळ्यापाशी भिजली होती. देवराव बहिणीकडं पाहत राहिले. मग आम्रपालीकडं. मग त्या रुंद दाराकडं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तू कधीपासून पाणी नाही पेली?"

"आता पेऊन राहिली न," गिरजाबाई म्हणाल्या आणि तांब्या त्यांच्यापुढं केला. "अजून आण."