वर गेलेला हात

बडनेऱ्याहून नांदगाव खंडेश्वरच्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर नुकतंच जावळ काढलेलं पोरगं. त्यानं मुरमुऱ्यांची अख्खी पुडी खाली ओतली. तिचा हात सण्णकन वर गेला. आता फटका बसणार म्हणून मी अंग चोरलं, तर तो हात तिच्याच अंबाड्याकडे वळला. तिनं अंबाडा सोडून नव्यानं बांधला.

माझ्याकडे बघून हसली. "अंगणवाडीत मायबापाईले शिकवून राहिले ना, लेकराले मारू नका म्हून. पण उठलेल्या हाताले काही तं काम पायजे!"

पुढे पोरानं खिडकीबाहेर डोकं काढलं, तिनं त्याला आत ओढलं. तो भडकला. आईवर इवलासा हात उगारला, क्षणभर थांबला, आणि आपल्या तुळतुळीत डोक्यावर अंबाडा बांधू लागला.