आई चावती का?

माझ्या फजितीचा हा किस्सा सुजाताला सांगायला फार आवडतो, म्हणून तिच्याआधी मीच सांगून टाकतो. तिच्या तोंडी गेला की त्याला आणखी दोन शेपट्या फुटतात!

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी कोल्हापुरात कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो आणि राहायचो हातकणंगल्याजवळ, शेतातल्या घरात. तिथं सुजाताची, म्हणजे आमच्या मंडळींची, तीस शेरडं होती. आणि शेरडं राखायला रंभा. अहो, रंभा म्हणजे कुत्री! उगाच भुवया उंचावू नका.

काय कुत्री होती! एकदा तिनं लांडग्याला बांधापलीकडं असं पिटाळलं, की खिडकीतून बघताना मीच घाबरलो. पण ती चार वर्षांची झाली होती. सुजाताचं एकच म्हणणं, "हिच्या हाताखाली एक पिल्लू तयार व्हायला पाहिजे. ही थकल्यावर शेरडं काय तुम्ही राखणार?"

मुद्दा बिनतोड होता. गुरांच्या डॉक्टरांनी रंभाला तपासलं आणि बजावलं, "एकच वेत होऊ द्या, म्हणजे पिल्लं एकदाच. आणि वाट्टेल तो नर आणू नका, दोन्हीकडचं नीट बघा."

तेवढ्यात कळलं, की नेसरीकडचे मेंढपाळ बिराप्पामामा जवळच्याच रानात मेंढरं घेऊन उतरलेत. त्यांच्या सरदार नावाच्या कुत्र्याची ख्याती साऱ्या पंचक्रोशीत! मी निरोप धाडला, की कुत्रीसाठी येतोय. आणि रविवारी निघालो. स्कूटरवर पुढं मी, मागं सुजाता आणि मधे रंभा. रस्त्यानं लोक थांबून बघत होते.

रानाच्या कडेला सुजाता रंभाला धरून थांबली, कारण सरदारसमोर तिला एकदम नेणं बरं नव्हे. मी एकटाच पुढं गेलो.

"या पावणं, बसा," बिराप्पामामा पानाला चुना लावत म्हणाले. आणि लगेच पहिला प्रश्न. "जात कंची म्हणायची?"

झालं!

हा प्रश्न मी जन्मभर ऐकलाय. भाड्याची खोली बघताना ऐकलाय, पाण्याचा तांब्या हातात पडायच्या आधी ऐकलाय. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली सगळं मागं टाकलं, तरी लोक विचारायचं थांबत नाहीत. मला खरंच दुखतं हो. आणि दुखलं की माझा आवाज चढतो.

"मामा, मी जात मानत नाही!"

"न्हाय मानत?" म्हातारा चाट पडला. "मग पोरं कशी निपजत्याली, कसं कळायचं?"

"संस्कार चांगले असले की पोरं चांगलीच निपजतात!"

"बरं, ऱ्हाऊ दे जात. बाप कुठला?"

"इथलेच. रेल्वेत होते."

"रेल्वेत? म्हंजे टेशनावर पडून असायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस, आणि पडून असायचा?

"राखण करायचे! रात्रंदिवस! एक गाडी चुकली नाही!"

"आसं व्हय! इमानी हुता म्हणा की." मामांना बरं वाटलेलं दिसलं. "आन आई कशी हाय? आई चावती का?"

आई माझी बालवाडीची बाई. तुम्हीच सांगा, कुठल्या लेकानं हे ऐकून घ्यावं?

"चावते?" मी उठून उभाच राहिलो. "अहो, एकावेळी चाळीस पोरं सांभाळलीत तिनं! कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही!"

"चाळीस?" मामांच्या हातातलं पान गळून पडलं. "एका वेताला?"

मग मात्र मी सुटलो. समता, बंधुता, माणसाची प्रतिष्ठा! वर्गात पाऊण तासात शिकवतो ते सगळं दहा मिनिटांत काढलं. चरणारी मेंढरं माना वर करून ऐकू लागली. सरदार उठून मामांच्या पाठीमागं जाऊन बसला.

माझा आवाज ऐकून सुजाता रंभासकट धावत आली. "अहो, झालं काय?"

"हे माझी जात विचारतात! आई चावते का म्हणतात!"

सुजातानं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, मग हातातल्या साखळीकडं बघितलं. आणि बांधावर बसून जी हसत सुटली!

"अहो, ते रंभाची जात विचारत्यात! रंभाची!"

जमीन दुभंगली असती तर मी आत उडी घेतली असती.

मामांना हसता हसता ठसका लागला. "मास्तर, माणसाची जात इचारून मला काय करायचंय? कुत्र्याची बी निस्ती इचारायची म्हणून इचारली. खरं बघायचं ते काम आन स्वभाव. आई चावरी आसली तर पिल्लं चावरी निघत्यात, म्हणून इचारलं."

मग त्यांनी रंभाचे दात बघितले, तिला चालवून बघितलं आणि मेंढरांत सोडलं. ती कुणाच्या अंगावर गेली नाही. कळपाच्या कडेला जाऊन, मेंढरांकडं पाठ आणि रानाकडं तोंड करून बसली.

"जमलं," मामा म्हणाले. "आता पिल्लं कुणाला देणार, ते सांगा."

मी ऐटीत यादी काढली. कॉलेजातले माझे सात प्राध्यापक मित्र, सगळे फ्लॅटमधले.

"फ्लॅटात ती काय राखणार? सोफा?" मामांनी यादी परत केली. "बसून बसून येडी हुत्याली. ज्याच्या दारात शेरडा-मेंढरांचं जित्राब हाय, त्यालाच पिल्लू. कबूल आसंल तर सरदार तुमचा."

कबूल केलं. दोन महिन्यांनी रंभाला पाच पिल्लं झाली. ती दूध सोडून भाकरी खायला लागल्यावर मामा आले. चार पिल्लं चार मेंढपाळांना ठरली. पाचवं, सगळ्यांत दांडगं, त्यांनी आमच्यासाठी उचललं. मी आनंदानं दोन्ही हात पुढं केले.

मामांनी ते सुजाताच्या पदरात घातलं.

"बाई, ह्याला मास्तरांनी भाकरी घालावी, पाणी पाजावं, खुशाल कुरवाळावं. पर ह्याच्यासंगट बोलायचं मातर न्हाय. न्हायतर चोर आला की ह्यो भुकायचं सोडून भाषण देत बसंल!"

मी काही म्हणायच्या आत सुजातानं अट मान्य केली.